अमेरिकेले शिव्या अन् उंद्रीचे दोघं भाऊ

सांगा बरं, मयताच्या घरी बसायले आल्यावर माणसानं गेलेल्याचं बोलावं का नाही? पण तुम्हाले सांगतो, माही बायको अन्नपूर्णा गेली, त्याच शनिवारी सांजेले टीव्हीवर बातमी आली का भारत-पाकिस्तानची लढाई थांबली, अन् सांगून कोण राह्यलं? त् अमेरिका! झालं... तवापासून खामगावातला जो येते तो सतरंजीवर टेकते, "लय वाईट झालं हो रंगराव" म्हणते, अन् मंग विषय काय? त् अमेरिका!

राख सावडून आलो. तिचे दोघं भाऊ, जानराव अन् अर्जुनराव, ओसरीत बसले. उंद्रीले दोघायचं वावराले वावर लागून, मधातल्या धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, कोर्टात केस, अन् बोलणं कवापासून बंद हाय हे त्यायलेच आठवत नाही! एक या भिंतीले, एक त्या भिंतीले, मधात मी. म्हटलं, आज बहिणीसाठी तरी बोलतीन... बोलले न! जानराव भिंतीकडं पाहून म्हणे, "पाकिस्तानले विमानं देते, आपल्याले दोस्त म्हणते, हे काय धोरण झालं?" अर्जुनराव छताकडं पाहून, "अन् वरून म्हणते, भांडण म्याच मिटवलं!" जानराव तर जशी अमेरिकाच समोर बसली हाय, "काऊन बे, तुले बोलावलं कोणी होतं?"

"तेच म्हणतो मी, दादा!"

दादा! ऐकलं तुम्ही? बहीण यायले एका ताटावर बसवता बसवता थकली, अन् हे जुळले कायच्यावर? त् अमेरिका!

"दोन्हीकून गोड बोलते, त्याचा भरोसाच नाही," जानराव म्हणे. मी गुपचूप सतरंजीचा दोरा ओढून राह्यलो. काऊन? अहो, आमची अन्नपूर्णा दर दिवाळीले जानरावच्या घरी म्हणे, "दादा, धुरा तुहाच हाय, पण लहान्याले सांभाळून घे." मंग अर्जुनरावच्या घरी, "धुरा तुहाच हाय रे, पण दादा मोठा हाय, जाऊ दे." दोघंही खूश. अन् दोघंही कोर्टात! म्या म्हटलं, "अवं, हे काय करतं तू?" त् म्हणे, "मले दोन्ही घरी जेवाचं असते."

दवाखान्यात मातर माहा हात धरून म्हणे, "मी गेल्यावर त्यायले खरं सांगा. धुरा कोणाचा, मले कधीच समजलं नाही."

सांजेले अर्जुनरावनं गाडीले किक मारली अन् जानराव मागं बसला. फाटकातून निघेपर्यंत शिव्या चालूच, अमेरिकेले! मी हात वर केला, तोंड उघडलं, अन् म्हटलं, "सांभाळून जा."

तिचं सांगणं राह्यलंच.