दुसरी उडी

नमस्कार केला तोच मुळी चुकीच्या माणसाले. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची निवड होती, इथं अमरावतीत, आणि मैदानाच्या गेटातून दोघं जण आले, उन्हाच्यानं दोघांच्याही तोंडाले दुपट्टे बांधलेले, नुसते डोळे दिसून राहिले, एक बुटका न एक हा एवढा, तर मी त्या उंचाले हात जोडून म्हणलो, या भाऊ, पोराले घेऊन आले काय, पण रागावू नका, पोरगं लयच ठेंगणं आहे हो. बुटक्यानं दुपट्टा सोडला, तर आत पांढऱ्या मिशा. उंच होता तो म्हणे, सर, पोरगा मी, हे माहे बाबा. काय सांगू तुम्हाले, बाबांनी माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी त्यांच्या बैलाचे दात मोजले. आणि मी निवड समितीचा माणूस, बरं का!

मी मूळचा वलगावचा. घर शेतकऱ्याचं, घरात कोणी साडेपाच फुटाच्या वर गेलं नाही, मी तर त्याच्याही अलीकडंच थांबलो. एक माहा धाकटा भाऊ विजय तेवढा वाढला. आमच्या सगळ्या घराण्याची उंची देवानं त्याच्या एकट्याच्या नावावर करून टाकली, असं बाप म्हणे. बास्केटबॉल मी त्याच्यासाठी शिकलो, त्याले शिकवाले. कॉलेजात खेळशिक्षक झालो तोही तसाच. लोक म्हणत, सर, तुम्ही बास्केटबॉल शिकवता? मी म्हणे, हो, खालून.

तर हा पोरगा रोशन, पातूरकडचा. कबड्डीतून उचललेला. कच्चा, बाप्पा, इतका कच्चा! चेंडू असा धरे जसं दुसऱ्याचं तान्हं लेकरू हातात देलं कोणी. पाय कुठं टाकाचा कळे ना. समोरच्याले खांदा लागला की थांबून त्याले सॉरी म्हणे. पोट्टे हसून हसून बेजार. पण उंच पोराले मी चेंडूच्या हातावर जोखत नाही. हात शिकवता येते, पाय शिकवता येते. मी दुसरी उडी पाहतो. पह्यली उडी कोणीही मारते, चेंडू रिंगवर आपटून वरच राह्यला, आपण खाली आलो, आता पुन्हा उठाचं, दम न घेता, ते जमिनीतून यावं लागते, ते शिकवता येत नाही. रोशन खाली आला न पाय टेकले नाही तोच पुन्हा वर. समितीतले बाकीचे दोघं उभेच झाले. सर, हे घ्याच, असं पोरगं पुन्हा पुन्हा येत नाही.

मी मात्र यादीत नाव लिहिलं नाही. अशी दुसरी उडी मी एकाचीच पाह्यली होती.

मी रोशनले बोलावलं, म्हणलं, मूठ आवळ, अंगठा आत घे. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर निघालं. विजयचंही निघे, लेकरायले तो ही गंमत दाखवे. छाती मधात दबलेली, तीही तशीच. विजय गेल्यावर डॉक्टरनं सांगितलं होतं, असा अंगठा, अशी छाती असली तर हृदय तपासून घ्यावं लागते. पायात काळा धागा. मी विचारलं, हा कशाले? म्हणे, आई बांधते सर, उंच आहे म्हणून नजर लागते, मंग छातीत धडधडते.

घरी आलो, जेवण जाईना. बायको, सुनंदा, म्हणे, काय झालं? सांगितलं. तशी ती म्हणे, तुम्ही पोराले पाहून राहिले का भाऊजीले? मी उठून हात धुतले. समितीतलेही तेच म्हणाले, सर, तुमच्या डोळ्यापुढं भूत आहे. असंनही. विजय जाऊन एवढी वर्षं झाली, अजूनही मैदानात पोट्टे नसले न वाऱ्यानं जाळी हालली, तर मी वर पाहतो.

तरी पातूरले गेलो. दारातून पाहतो तर आई रोशनवरून मीठ-मिरच्या ओवाळून राह्यली. मिरच्या चुलीत टाकल्या न मले म्हणे, पाहा सर, ठसका नाही आला, म्हंजे नजर किती जबर हाये! माह्या आईनंही हेच म्हणलं होतं, याच शब्दांत. विजयची छाती दुखली की ती मिरच्या जाळे, ठसका आला नाही की खूश होये, नजर सापडली म्हणे. आम्हा सगळ्यायले वाटे, सापडली. आणि मंग एका सरावात विजय पह्यली उडी मारून खाली आला, खांबाले टेकून बसला, दादा, पाठीत काही फाटलं म्हणे, आणि दुसरी उडी राह्यलीच.

मी त्या माउलीले विजयचं सांगितलं, म्हणलं, मावशी, नजर उतरवा, माही ना नाही, पण एक डाव अकोल्याले छातीचा इको, हृदयाची सोनोग्राफी हो, करू. बाप भडकला. पह्यले पोराले ओळखलं नाही, आता त्याच्यात रोग काढता? खेळाच्या कोट्यातून त्याले नोकरी लागन म्हणून आम्ही वाट पाहून राह्यलो. मी म्हणलं, दादा, इको चांगला निघाला तर सगळ्यायसमोर तुमची माफी मागतो. खरं सांगू, मले ती माफी मागाचीच होती.

अकोल्याच्या डॉक्टरनं सुरुवातीले गप्पा मारल्या, तू सिलिंग रंगवाले बरा आहेस म्हणे, रोशन हसला. मंग डॉक्टर मशीनच्या पडद्याकडं झुकले. एकाच जागी मशीन फिरवत राहिले. हृदयातून निघते ती मोठी नळी फुगलेली होती. वेळेवर आणलं म्हणे, औषध आहे, पुढं ऑपरेशनही होते, पोरगा नीट जगन, पण उड्या बंद. आजपासून.

बाहेर बाप चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडं गेला. रोशन मात्र उभा, माह्याकडं वरून पाहून राह्यला. म्हणे, सर, मले जिंदगीत पह्यल्यांदा काहीतरी जमत होतं.

आपला संघ यंदा पह्यल्याच सामन्यात हरला. उंच पोरगा नव्हता. परवा सकाळी रोशनचा फोन आला, त्याले ते समजलं होतं. अशा शिव्या घातल्या बाप्पा त्यानं, माह्या उंचीवरून, माह्या डोळ्यावरून, माह्या भावावरूनही. मी फोन कानाले लावून अंगणात उभा, सगळ्या ऐकल्या, एकही परत केली नाही. मंग तोच रडला न फोन ठेवला.

सुनंदा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, आवाज तिच्यापर्यंत गेलाच असंन. मी म्हणलं, पोट्टा लय शिव्या देते वं. तिनं मान वर केली नाही. म्हणे, देऊ द्या. शिव्या द्याले माणूस जिता लागते.