नागोरावांचा आवाज

हॅलो? … हॅलो, मानसी? हां, रंजनामामीच बोलतेय. अगं, सकाळपासून वाट बघतेय तुझ्या फोनची… हो, हो, स्टुडिओत असशील, मालूम आहे मला. आता मोकळी आहेस ना? … दहा मिनिटं बस झाली.

नाही गं, ऑपरेशन सोमवारीच. आवाजाची पेटीच काढणार म्हणाले डॉक्टर. पूरी. … नाही, नंतर नाही बोलता येणार. मानेला भोक पाडतात, त्यातून श्वास. … तुझे मामा? बाल्कनीत बसलेत. तीस वर्षं भीमगीतं गायली इथं कुकटपल्लीत, आता पाणी पाहिजे तर नुसता ग्लास दाखवतात. … येतं गं गाता अजून. थोडं. सकाळी जरा बरं असतं. म्हणून तर घाई.

बरं, ऐक ना. ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. तीन उतरवून घेतलेत लॅपटॉपवर… अगं, यूट्यूबवर बघून. तो माणूस तेलुगूत सांगतो, निम्मं डोक्यावरून जातं. पहिल्यात नुसते चौकोनच चौकोन. दाबलं की ढोल वाजतो, पण माणसाचा आवाज घ्यायचा कुठं, तेच सापडेना. … बीट बनवायचं आहे ते? मग नक्को. … दुसऱ्यात इतकी बटणं, मला हात लावायची भीती वाटते. … हां, तिसरं ते ऑडॅसिटी. … तेच घेऊ? पण त्यात नंतर पेटी, ढोलकी जोडता येईल ना? … वेगळ्या ट्रॅकवर? पक्कं? … मग झालं तर. मंडळातला प्रबुद्ध वाजवतो म्हणालाय. तो काय, महिन्यानंही वाजवेल. आधी यांचा आवाज.

फोनवर रेकॉर्ड केलं होतं गं. कुणाचा आवाज आहे तेच ओळखू येईना. म्हणून तर आबिड्सला जाऊन माइक आणला.

जरा हल्लू सांग, लिहून घेते. पंखा बंद… खिडकीला चादर… माइक तोंडापासून वीतभर लांब… मग लाल गोल दाबायचा. एवढंच ना?

पण मानसी, हे तयारच नाहीत. … काल म्हणाले, "मी मेल्यावर ऐकायचंय का तुला?" … आणि माइकपुढं कसं गाऊ म्हणतात, समोर माणसं लागतात…

थांब, थांब. दुसरा फोन येतोय. दवाखान्याचा. ठेवू नको हां.

हां जी, नागोराव के घर से बोल रई… आज? आजीच लाना? … जी. जी.

…हॅलो? आहेस? … बेड खाली झाला म्हणे. आजच आणा, दोनच्या आत. उद्या सकाळीच ऑपरेशन. … उद्या, मानसी. आत्ता साडेअकरा झालेत. … थांब, यांना सांगते.

अहो… आत या ना. … दवाखान्याचा फोन होता. आजच बोलावलंय. … मानसी आहे फोनवर. हो, पुण्याहून.

… मानसी, बसले गं. स्वतःच येऊन बसले माइकपुढं. पोरगी ऐकतेय का, विचारतात. … थांब, स्पीकरवर टाकते. तू काही बोलू नको. अहो, गा. ऐकतेय ती.

…

…

बस, बस. पाणी घ्या. नका आता.

… मानसी? स्पीकर काढला, हे परत बाल्कनीत जाऊन बसले. … रडू नको गं. … हो, दोनच कडवी. तिसऱ्याला दम लागला. रुमालावर रक्त आलंय थोडं. … हो, वरचा सूर लागला! थरथरला, पण लागला.

बघते. मी यांच्याकडंच बघत होते, लॅपटॉपकडं कुठलं लक्ष… मानसी. इथं सरळ रेघ आहे. … दाबला होता गं लाल गोल! रेघ पुढं गेलीय, चार मिनिटं, पण सपाट. पूरी सपाट. … वर? माइकचं चित्र… हां, त्याच्याजवळ दुसरंच नाव दिसतंय. आपल्या माइकचं नाही. … ते आधी निवडायचं असतं? … नाही, नाही, तुझी काय चूक. मीच बघायला पाहिजे होतं. … वाजवून बघितलं. काहीच नाही.

तुझ्याकडं राहिलं का काही? फोनमध्ये? … नाही. बरं. असू दे.

निवडलं आता नाव. पण परत गा, असं कोणत्या तोंडानं सांगू? तिकडं मान धरून बसलेत. ओठ पांढरे पडलेत. … नाही, मी नाही सांगणार.

काय हो? … आलं, आलं ना. एकदम साफ आलंय. … हो, वरचा सूरसुद्धा.

मानसी, ऐक. तुझ्या तोंडून ऐकायचंय त्यांना. तुला यातलं कळतं, म्हणून. … मलाही कळतंय गं, खोटं आहे ते. पण उद्या त्यांना त्या टेबलावर जायचंय. … स्पीकरवर टाकते. त्यांच्याजवळ जाते, चांगलं आलं म्हण.

… म्हण ना, बेटा.

…

ऐकलं ना हो? … काय? … हो. लावू ना. चौदा एप्रिलला मंडळात सगळ्यांपुढं लावू.

… ठेवते, मानसी. ऑटो बोलवायचाय.