इत्तोची छोटी किटली

—दोन? अहो बाई, दोन ढेपा म्हणजे चार किलो साखर, कशाला एवढी? लग्न आहे का कुणाचं? नाही? मग हजहून आलंय कुणी? बरं बरं, देतो हो, नाही कुठं म्हणतोय, विचारलं आपलं, तोंड आहे म्हणून विचारलं. खनीफ्राच्या गाडीतून उतरलात ना, बघितलं मी, पिशवी एवढीशी आणि चेहरा हा एवढा — बसा जरा, त्या पिंपावर बसा, ऑलिव्हचं आहे, हलत नाही. हां. आजारी माणसाला भेटायला चाललात. बहीण? अल्ला बरं करो तिला. काय झालंय? — नाही, सांगा की, लाजायचं काय त्यात — काय म्हणालात? साखरेचा आजार? पाय सुजलाय? आणि तिला तुम्ही साखर घेऊन चाललात. दोन ढेपा. चार किलो.

हसत नाही हो मी. हसतोय असं वाटलं का? तोंडच तसं आहे माझं, दात पडल्यापासून. तुम्ही रिकाम्या हातानं कशा जाणार, ते कळतं मला. आजाऱ्याच्या घरी साखरेशिवाय गेलं की शेजारी काय म्हणतील, दिराची बायको काय म्हणेल — सगळं कळतं. मीच विकतो ना ती. चाळीस वर्षं झाली, साखरवाला बासू म्हणतात मला इथं, कुणालाही विचारा. सोयरीक जुळली, आणा साखर. पोर झालं, आणा साखर. दोघा भावांची डोकी फुटली, मिटवायचंय, आणा साखर. माणूस मेलं तरी साखर. माझ्या सोयरिकीला मी बारा ढेपा नेल्या होत्या खेचरावर लादून, वर डोंगरात, इत्तोच्या बापाकडे. अर्ध्या वाटेवर खेचर बसलं, उठेचना. शेवटी तीन ढेपा मी पाठीवर घेतल्या तेव्हा उठलं, आणि पोचलो तर इत्तो धाब्यावरून बघत होती, हसत होती. नंतर म्हणायची, बासू, मी खेचराला नाही, तुला हो म्हटलं, एवढं लक्षात ठेव.

इत्तो म्हणजे माझी बायको. गेली. चार वर्षं होतील यंदा. — हो, तोच. तोच आजार. म्हणून तर तुम्हाला बसवलं. बदाम घ्या त्यापेक्षा. अंडी घ्या, ताजी आहेत. नको? ... बरं, ऐकून तर घ्या.

तर इत्तोला तहान लागायला लागली. रात्रीतून सहा वेळा उठायची. दवाखान्यात गेली, तिथं नर्सबाई होती एक, तरुण, कडक, पण भली — तिनं सांगितलं, मावशी, चहातली साखर बंद, पाव अर्धा करा आणि रोज चाला. झालं. इत्तोनं ठरवलं म्हणजे ठरवलं. बाजारातून एक छोटी किटली आणली, एका माणसापुरती, पत्र्याची, झाकण जरा वाकडं — ही माझी, म्हणाली, हिच्यात साखर पडायची नाही. आणि सकाळी शेजारच्या दोघींना घेऊन कालव्याच्या कडेनं चालायला जायची. पार गिरणीपर्यंत. परत यायची तेव्हा गाल लाल, कपाळावर घाम, मला म्हणायची, बासू, आज बगळे बघितले. बगळे! पन्नाशीची बाई. तीन महिन्यांत साखर उतरली तिची. नर्सबाईनं कागद दाखवला, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. म्हणजे होत होतं हो. जमलं होतं तिला. तेच तर.

मग लोक विचारायला लागले. इथं, असंच, याच पिंपावर बसून. बासू, तुझी बायको रोज सकाळी कुठं जाते रे? हातात काही नसतं, डोक्यावर काही नसतं, काम काय कालव्यावर? भांडण झालं का? आता काय सांगायचं — चालायला जाते? म्हणजे कुठं? कुठंच नाही, नुसती चालते? हसायचे. मी आठ दिवस ऐकलं, नवव्या दिवशी घरी म्हटलं, बास झालं, दुकानदाराची बायको आहेस, गाढवामागं हिंडणारी नाहीस. तिनं चपला कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या दोघी हाक मारायला आल्या, तेव्हा म्हणाली, गुडघा दुखतोय. गुडघा नव्हता हो दुखत. माझी इभ्रत सांभाळली तिनं.

पण किटली सोडली नाही. आणि आमच्याकडे चहा मी करतो, बायका नाही — तबक माझ्यापुढं, हातोडी माझ्या हातात, ढेपेचा खडा किती टाकायचा ते मी ठरवायचं. बत्तीस वर्षं एका किटलीतून प्यालो आम्ही. आता मोठी किटली माझी, छोटी तिची, आणि ती तो कडू काढा प्यायची, तोंड वाकडं न करता, आणि मला — खरं सांगू? मला ते बघवायचं नाही. परक्या घरी आल्यासारखी बसायची. त्यात माझी बहीण रकिया आली एकदा, जीभ म्हणजे सुरी, तिनं चुकून छोट्या किटलीतला पेला उचलला. एक घोट घेतला आणि तबकात थुंकली. म्हणाली, साखरवाल्याच्या घरात कडू चहा? कुणी मेलंय की तू दळिद्री झालास? गावभर केलं तिनं. इथं गिऱ्हाईकं मला विचारायची, काय बासू, घरात साखर पुरत नाही का, आम्ही आणून देऊ का?

म्हणून मग मी ज्येष्ठमध आणला. ज्येष्ठमधाची कांडी, खोकल्याला देतो ना, तीच. किटलीत टाकली की गोडवा येतो थोडा, साखर नाही काही नाही. इत्तोला दाखवून टाकली. तिनं घोट घेतला आणि बाई, तिचा चेहरा — असा फुलला चेहरा! म्हणाली, अरे हे तर गोड लागतंय! किती दिवसांनी! माझ्या हाताचा मुका घेतला तिनं. एवढ्याशा कांडीसाठी. आणि ती कांडी संपली. थंडीचे दिवस, घाट बंद, मालाची गाडी येईना. मी... मी एक खडा टाकला. एवढासा, हरभऱ्याएवढा. म्हटलं, गाडी येईपर्यंत.

गाडी आली हो. ज्येष्ठमधही आला. पण त्याला एक मातीचा वास असतो, तिला खडा जास्त आवडला. म्हणायची, आजची कांडी छान आहे. मग हरभऱ्याचा वाटाणा झाला, वाटाण्याचा अक्रोड झाला. कांडी वर तरंगत असायची, दिसायला. शेजारणींना सांगायची ती, ज्येष्ठमध घाला गं, साखर लागत नाही. त्यांनी घातला. म्हणाल्या, आमचा एवढा गोड होत नाही. तर म्हणते कशी — बासूचा हात आहे तो, तुमच्या नवऱ्यांना नाही जमायचं.

तिला कळलं नसेल का? मीही तेच म्हणायचो. रात्रंदिवस तेच म्हणायचो स्वतःला, की तिला कळलंय, कळून पितेय, माझ्यासाठी पितेय. पण नाही, बाई. कळलं नव्हतं. कसं ते सांगतो. साखर परत चढली. नर्सबाईनं कागद बघितला आणि तिचा आवाजच चढला — मावशी, खोटं बोलू नका, चोरून खाताय तुम्ही, मी इथं तुमच्यासाठी जीव तोडते आणि तुम्ही! भरल्या दवाखान्यात. इत्तोनं आपल्या आईच्या कबरीची शपथ घेतली. इत्तो खोटी शपथ घेणारी नव्हती, कोंबडीच्या भांडणातसुद्धा नाही घ्यायची. नर्सबाई म्हणाली, शपथेनं साखर उतरत नाही. आणि इत्तोनं माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा, तिची शाल हातात. म्हणाली, बासू, तू सांग ना हिला. तूच तर किटली करतोस.

मी म्हटलं, उशीर होतोय, चल.

काय बघताय? हो, एवढंच म्हटलं. चल म्हटलं. रस्त्यात ती रडली नाही. घरी येऊन विचारलं तिनं, बासू, माझं काही पाप असेल का रे? सगळं सोडलं, तरी का चढते? मी दुसऱ्या दिवसापासून खडा बंद केला, अल्लाची शपथ, अठरा दिवस बंद केला. एकोणिसाव्या दिवशी तिनं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, आता चहासुद्धा कडू करतोस, तूही कंटाळलास ना मला? मग... काय करणार होतो मी? नाही, तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे काय करायला हवं होतं.

पुढं मग काय. थंडीत शेगडीपाशी पाय टेकून बसली होती, निखाऱ्यानं टाच जळली, तिला कळलंच नाही. वास आला तेव्हा मी धावलो. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, जखम काळी पडत गेली, शेवटी शहरात नेऊन घोट्याच्या वर पाय कापला. आणि घरी आणली तर सगळं गाव भेटायला. प्रत्येकाच्या हातात ढेप. माझ्याच दुकानातून घेतलेली! भिंतीला ओळीनं लावल्या, एक्केचाळीस होत्या, आणि ती पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघायची. एकदा म्हणाली, बासू, एवढी साखर आली आणि मी चिमूटभर नाही खाल्ली, तू साक्षीदार आहेस. मी म्हटलं, हो. मी साक्षीदार आहे. दुसऱ्या वर्षी गेली. त्या ढेपा मी या फळीवर परत आणून ठेवल्या आणि विकल्या. मेंदी लावलेल्या हातांनी पोरी घेऊन गेल्या त्या, सोयरिकीला.

कुणाला नाही सांगितलेलं हे. रकियाला नाही, मशिदीत नमाज पढवणाऱ्या फकिहला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही परक्या, बहिणीला बघून परत जाल. आणि... तौदा आहे ना. माझी मुलगी, चौतीस वर्षांची, एकुलती. तिलाही निघाली आता साखर. मागच्या रमजानात. दवाखान्यात तेच सांगितलं तिला, साखर सोड, चाल. आणि ती काय म्हणते ठाऊक आहे? म्हणते, बाबा, आईनं सगळं सोडलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, मी तिच्या शपथेवर विश्वास ठेवते, कुणी ठेवो न ठेवो. सोडूनही तिचा पाय गेला. मग मी कशाला जिवाचे हाल करू, खाऊन तरी मरते. आणि पेल्यात चार खडे टाकते, माझ्यादेखत. चार! मोजतो मी. गेल्या महिन्यापासून तिच्या पायाला मुंग्या येतात. मला एक वाक्य बोलायचंय, बाई. तौदा, तुझ्या आईच्या किटलीत साखर होती, मी टाकत होतो. बस. एवढं ऐकलं की ती सोडेल, मला खात्री आहे, आईसारखीच हट्टी आहे, सोडेल आणि चालेल गिरणीपर्यंत. पण मग माझ्याकडे कशी बघेल? आईवर जीव टाकायची ती. मग माझं कोण राहिलं? तीनदा तोंड उघडलं मी. तीनदा विचारलं, जेवलीस का.

नाही, तुम्ही उठू नका. बसा. तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली, ती आत्ता येईल माझा चहा घेऊन — इत्तो गेल्यापासून किटलीला मी हात लावत नाही, तीच करते. आज सांगतो. तुमच्यासमोर सांगतो. तुम्ही फक्त बसून राहा, परकं माणूस समोर असलं म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. याचं पुण्य तुमच्या बहिणीला लागेल. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघा आणि मान हलवा, मी सुरू करतो. चालेल? बसाल ना? — ती बघा. चढावर. तबक घेऊन. बघा कशी थांबत थांबत येते, डावा पाय हळू टाकते...

ये गं. ये, ठेव इथं. या होय? खनीफ्राहून आल्यात, बहिणीला बघायला. — कोण, मी? रडत नाहीये गं, तिखटाची गोणी उघडली मघाशी. — काय ऐकलंस? आईचं नाव? छे. आईचं कशाला बोलू मी परक्यांपाशी. साखरेचं बोलत होतो, कुठली कडक, कुठली भुसभुशीत... बाई विचारत होत्या. — तू बस आधी, पाय दुखत असेल. तुला एक... तौदा, ऐक, तुला एक सांगायचं... काही नाही. जेवलीस का?

ओत. हो, ओत माझ्यासाठी.

बाई, या घ्या तुमच्या दोन ढेपा. दोरीला धरा, कागदाला नको, फाटतो. आणि मान हलवू नका अशी. निघा आता, बहीण वाट बघत असेल. — नाही गं तौदा, त्यांना तुला काही सांगायचं नाहीये. त्या निघाल्यातच. जा, बाई. जा म्हटलं ना.