रोज सतरा नमस्कार

खुणेच्या भाषेचं कौतुक मला नका सांगू. मी ती वापरलेली आहे.

मंगळवार होता. मी डबा घेऊन ऑफिसला निघत होतो, तेवढ्यात लालबागच्या आमच्या खोलीत पोस्टमनने कार्ड टाकलं. धाकटा भाऊ वसंता संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला होता. तुरुंगातली पत्रं तपासतात, म्हणून आम्ही आधीच वीस निरोपांना वीस आकडे दिले होते. आकडा सूर्यनमस्कारांच्या संख्येत लपवायचा. "दादा, तपासणाऱ्याला वाटेल, हा आत पैलवान होतोय," असं म्हणून तो केवढा हसला होता!

कार्डावर एकच ओळ होती : 'रोज सतरा नमस्कार घालतो.'

आकड्यांची यादी मी झडतीच्या भीतीने शेगडीत घातली होती. म्हटलं, पाठ तर आहे.

"अहो, सतरा म्हणजे 'भेटायला या' ना?" बायकोने विचारलं.

"सतरा म्हणजे 'मी मजेत आहे'. यादी मी केली की तू?"

"तरी एकदा जाऊन या की."

"उगाच कशाला? सुटेलच आता."

शनिवारी तार आली. वसंता तापाने गेला होता. तार इंग्रजीत होती, पण चाळीत कुणाला तिचा अर्थ सांगावा लागला नाही.

सतरा म्हणजे काय, ते मला आजही नक्की आठवत नाही.

भेटीचा अर्ज मी केलाच नाही.