शंकरभौची उरलेली काठी

अपील जिंकलं की वकील खूष, असं कोण म्हणते? माहं डोकं अजून फिरून राह्यलं.

बोरी अरबच्या शंकरभौले सहा महिने शिक्षा झालती, शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली म्हणून. जामीन राहणारा कोणी भेटला नाही, त्यामुळे अपील चालेपर्यंत गडी पूर्ण शिक्षा भोगून आला. मंग मी यवतमाळच्या कोर्टात दवाखान्याचा कागद दाखवला. जखमेची तारीख भांडणाच्या आदल्या दिवसाची! खालच्या कोर्टात तो कागद कोणी नीट वाचलाच नव्हता. शंकरभौ निर्दोष सुटला.

बाहेर येऊन त्यानं विचारलं, "वकीलसाहेब, म्हणजे मी त्याले मारलंच नाही?"

"नाही."

"अन् भोगलेली शिक्षा? वापस होते का?"

"ते कशी वापस होईन बाप्पा?"

"मंग एक काठी माही बाकी आहे."

मी हसलो. आठ दिवसांनी तो शेजारीच माह्या ऑफिसात हजर.

"साहेब, शंकर रोज सकाळी काठी घेऊन माह्या ओट्यावर बसते. चहा देल्ला तर पेते. मारत नाही, शिवी देत नाही. म्हणते, घाई नाही."

"पोलिसात जा ना मंग."

"गेलतो. ते विचारतात, त्यानं केलं काय?"

मी कायद्याचं पुस्तक उघडलं. त्यात असं कलमच सापडेना. शेवटी शेजारीच हात जोडून म्हणाला, "साहेब, तो तुमचं ऐकते. त्याले सांगा, एकदाची मार अन् मोकळा कर."