यादीत नसलेला निबंध

मंचावर विराजमान अध्यक्ष महोदय, आजचे प्रमुख पाहुणे, संस्थेचे विद्यमान संचालक, सत्कारमूर्ती बाई आणि त्यांचे यजमान, विभागातील माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी एक डोळा चहाच्या टेबलावर ठेवून उभे असलेले माझे विद्यार्थी मित्रहो,

बाईंच्या कार्याचा परिचय अध्यक्षांनी इतका सविस्तर करून दिला आहे, की मी आणखी काय सांगावं? पस्तीस वर्षं रेणूजीवशास्त्रात काम, बावीस जणांना डॉक्टरेट, प्रथिनांची जडणघडण मुद्दाम बदलून त्यांना नव्या कामाला लावण्याचं तंत्र, आणि बहात्तर शोधनिबंध. ती यादी पुस्तिकेच्या शेवटच्या चार पानांवर आहे. पुस्तिका करणाऱ्या समितीत मी होतो.

परवा छपाईआधीची प्रत घेऊन बाईंच्या घरी गेलो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एक कमी आहे."

मी म्हटलं, "बाई, तो मुद्दामच..."

"माझ्या यादीत होता. पुढे 'मागे घेतला' असं लिहिलेलंही होतं. कोणी काढला?"

काढला मीच होता. सभाजनहो, समारंभाला शोभणार नाही, असं मी समितीला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तेव्हा पुस्तिकेत जे नाही, ते आज तोंडी सांगण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी. ते मान हलवताहेत, म्हणजे दिली.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बाईंकडे संशोधन करत होतो. विषय साधा होता. कापडावरची खळ काढायला गिरण्यांना एक एन्झाइम लागतं, पण पाणी तापवलं की ते मान टाकतं. गरम झऱ्यातल्या एका जंतूचं एन्झाइम ती उष्णता सहज सोसतं. मात्र ते हवं तेवढं बनवता येत नाही. मग साध्या एन्झाइमच्या साखळीतला एखादा दुवा बदलून त्यालाच काटक करता येईल का? दोन वर्षं आम्ही दुवे बदलत होतो. आणि एके दिवशी माझ्या हातची एक नळी सत्तर अंशांवरही तासभर काम करत राहिली.

विभागात जो आनंद झाला, तो काय वर्णावा! मोठ्या नियतकालिकात निबंध आला, मुखपृष्ठावर आमच्या रेणूचं चित्र आलं. संचालकांनी ते चौकट करून जिन्यात लावलं. बाईंचं नाव विभागप्रमुखपदासाठी पुढे गेलं. मी तर जिना चढताना मुद्दाम हळू चढायचो.

आठ महिन्यांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. फार नम्र पत्र. "आमच्या विद्यार्थिनीला तुमचा प्रयोग जमत नाही. चूक आमचीच असणार. तुमचा नमुना पाठवाल का?" बाईंनी ते काम मला सांगितलं. पाठवण्याआधी खात्री असावी म्हणून मी नळीतल्या जनुकाचा अक्षरन् अक्षर क्रम वाचून घेतला.

तो आमच्या बदललेल्या एन्झाइमचा नव्हता. तो गरम झऱ्यातल्या जंतूचा होता.

तुलनेसाठी आम्ही त्या जंतूच्या नळ्या त्याच फ्रीझरमध्ये, शेजारच्याच डब्यात ठेवत असू. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, झाकणांवर आकडे. केव्हातरी झाकणं पुसताना माझ्या हातून दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. आम्ही जगाला सांगितलेला चमत्कार म्हणजे जे मुळात उष्णता सोसतं, ते उष्णता सोसतं, एवढाच!

तो कागद खिशात घालून मी तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार. तीन दिवस काय करत होतास?"

"घाबरत होतो, बाई."

"झालं घाबरून? आता पहिल्यापासून करून बघू."

पुढचे तीन आठवडे बाई माझ्याशी फक्त तापमान आणि मिनिटं एवढंच बोलल्या. 'पंचावन्न. दहा मिनिटं. लिही.' एकदा काही कागद द्यायला घरी गेलो, तर काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, दार उघडलं. काका गणिताचे शिक्षक, कमी बोलणारे. मला हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याशीही बोलत नाहीये, आणि मी तर नळ्यांना हातही लावलेला नाही."

आमचं खरं एन्झाइम पंचावन्न अंशांवर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं गोठत होतं. सहा वेळा केलं, सहाही वेळा गोठलं. सातव्यांदा करू या, असं मी म्हटलं तेव्हा बाईंनी यंत्र बंद केलं आणि निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायला बसल्या.

तेव्हाचे संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते. बाईंना समजावायला ते स्वतः खाली आले. म्हणाले, "कोणी बोट दाखवलंय का? मग आपणहून पायावर धोंडा कशाला पाडून घेता? निवड समिती पुढच्या महिन्यात बसतेय. निदान तेवढं होऊ द्या."

बाई म्हणाल्या, "तिकडे एक मुलगी आठ महिने हाच प्रयोग करतेय. तिचा नववा महिना मी कशाला घेऊ?"

पत्राच्या मसुद्यात मी माझ्या हाताने एक वाक्य घातलं होतं: ही चूक अमुक विद्यार्थ्याच्या हातून झाली. खाली माझं नाव. बाईंनी ते खोडलं. मी हट्ट धरला, तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नळ्या तुझ्या, निबंध माझा. सही करण्याआधी तपासून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्यात तुला वाटा मिळणार नाही."

छापून आलं: संपूर्ण जबाबदारी माझी. चौकट त्यांनी स्वतः उतरवली. विभागप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. बाईंना ते मिळायला आणखी पाच वर्षं लागली. परिषदांमध्ये लोक त्यांच्यामागे कुजबुजत, आणि मी शेजारी उभा राहून गप्प ऐकत असे. हे मी एकोणीस वर्षं कोणालाच सांगितलेलं नाही. माझी पत्नी तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिलाही आत्ताच कळतंय. घरी मला दुसरं भाषण करावं लागेल, याची जाणीव आहे.

मी शिक्षण सोडून जायला निघालो होतो. बाईंनी अडवलं नाही. "जा. पण आधी फ्रीझर लावून जा," म्हणाल्या. अकराशे नळ्या होत्या. एकेक तपासून लावता लावता चार महिने गेले. चौदा नळ्यांवर भलतीच लेबलं सापडली. त्यांतली एकही माझी नव्हती, हे नोंदवलेलं बरं! तोवर जाण्याचं मनातून गेलं होतं. पुढे तीन वर्षांनी दोन दुवे बदलून आमचं एन्झाइम बासष्ट अंशांपर्यंत पोचलं. सत्तर नव्हे, बासष्ट. निबंध लहानशा नियतकालिकात आला, मुखपृष्ठ वगैरे काही नाही. आज काही गिरण्या तेच वापरतात.

गेल्या महिन्यात बाईंचं कपाट आवरताना एक जुनं पाकीट सापडलं. त्या परदेशातल्या विद्यार्थिनीचं हस्ताक्षर. तिने लिहिलं होतं: "माझे हातच या कामाचे नाहीत, असं मला सगळे सांगत होते आणि मलाही पटलं होतं. निबंध मागे घेत असल्याचं तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला होता. तो फाडला." बाईंना विचारलं, हे मला तेव्हा का दाखवलं नाहीत? त्या म्हणाल्या, "तेव्हा दाखवलं असतं तर तुला वाटलं असतं, बरं झालं चूक केली." बाई आजही रागावू शकतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं.

परवा त्यांच्या घरून निघताना मी विचारलं, "नाव सांगू का सभेत?" त्या म्हणाल्या, "आता मी निवृत्त होतेय. सही तुझी तू कर."

म्हणून सांगतो. तो त्र्याहत्तरावा निबंध चुकला तो माझ्या हातून. कृपया आपापल्या पुस्तिकेत पेनाने लिहून घ्यावा.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, चहा गार होत असताना मागची मंडळी उभी राहिली, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, मानाच्या माणसाचा उल्लेख राहिला असेल, तर सभेने पोटात घालावं. बाईंकडे मात्र मी क्षमा मागत नाही. ती मागितली की त्या तापमान विचारतात.

धन्यवाद.