कडुनिंबाखालचे चार दिवस

सुखाचं इचारता ताई? माहा जनम मानोऱ्याकडचा. मायबाप दुसऱ्याच्या वावरात कापूस येचत, आन मी त्या कापसाच्या ढिगावर लोळत राहो, तवाचं सुख तेवढंच, त्याच्याहून मोठं काई असते हे ठाऊकच नोतं. मंग कारंज्याजवळच्या या पानमळ्यात मले देल्लं. बाप म्हने, पोरगी बारा म्हैने सावलीत राहीन. राह्यली ना बाप्पा! तवापासून सावलीतच हावो.

पानमळ्याले सुट्टी नसते, काय सांगू तुमाले. रोज पानी द्या, रोज पानं खुडा, वेल बांधा. बाहत्तर साली तो सुकडीचा दुष्काळ पडला, सारं गाव खडी फोडाले गेलं, मी मात्र घागरी वाहून वाहून याच वेली जगवू राह्यली. मायेरी जातो म्हनलं की सासू म्हने, वेल कोन पाहीन, तुहा बाप?

पन कावळा शिवलेली बाई मळ्यात पाय ठेवत नाई. तिचा इटाळ झाला की वेल जळते म्हनतात. म्हून म्हैन्याचे चार दिवस मी बाहेर, त्या कडुनिंबाखाली. वरून वाढलेली भाकर खायाची, चिंचोके खेळाचे, झोप आली की झोपाचं. बाकीच्या बाया त्या दिवसाले कंटाळत, मी वाट पाहो. जवानीतलं माहं सुख थेच व्हतं, खोटं कायले बोलू.

मंग वय झालं, थे बंद झालं. सासू कुंकू लावून म्हने, सुटली व माय तू, आता बारा म्हैने पवित्र! मले रडूच आलं. सुटली कायची, सापडली मी.

आता त्या कडुनिंबाखाली माही सून बसते, मेडशीची हाये, मोठी हसरी. मांगच्या म्हैन्यात मी टोपली घेऊन मळ्यात चालली व्हती, तर तिनं मुद्दाम माहा हात धरला. म्हने, आत्याबाई, शिवली मी तुमाले, आता बसा इथंच. मी बसली ना! दोघी पोट धरधरून हासलो. तेवढ्यात सासूनं पाह्यलं, बोंबलली, आन माह्या मालकानं इहिरीवरची भरली घागर आनून माह्या डोक्यावर रिकामी केली. झाली म्हने शुद्ध, जाय आता.

गेली. ओल्या लुगड्यानं पानं खुडू राह्यली. सून तिकडून पाहे, तिच्या डोळ्यात पानी. म्या आवाज देल्ला, रडतं कायले व पोरी, बस तू, तुहे चार दिवस तुले लय वर्सं पुरो.